न समजता दिलेला 'ओके'

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहते. वय २४. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. तीन वर्षांपासून 'मॅजिक : द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळते. मध्यंतरी एका मोठ्या शहरातील स्पर्धेला गेले होते. दुसऱ्या फेरीतील प्रतिस्पर्धी भरभर इंग्रजी बोलत होता आणि त्याची काही कार्डे जपानी होती. त्याने एक कार्ड ठेवले, काहीतरी सांगितले, माझ्या सर्वांत मोठ्या क्रीचरकडे (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाकडे) बोट केले आणि तो 'सॅक्रिफाइस' (बळी दे) म्हणाला. मी 'हं, ओके' म्हणत ते क्रीचर बाजूला काढले आणि तो सामना हरले. घरी आल्यावर त्या कार्डाचा मजकूर शोधला, तेव्हा कळले की कोणते क्रीचर द्यायचे हे मी ठरवायचे होते. पंचांना बोलावण्याचे मनात आले होते, पण इंग्रजीत काय सांगू, या धास्तीने गप्प राहिले. आता आम्ही मित्रमंडळी सांगलीत एक छोटी स्पर्धा भरवत आहोत. बेळगाव, जत, कोल्हापूर येथून मुले येतील. विट्याच्या एका गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या, कुटुंबातील मुलगा कोइमतूरला वाढला आहे. त्याला तमिळ आणि थोडे इंग्रजी येते. स्पर्धेत 'फक्त इंग्रजी बोलावे' असा नियम करावा का? मी इंग्रजी बोलण्याचा क्लास लावावा का? आणि त्या मुलाने मला फसवले, असे समजावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझे लक्ष 'सॅक्रिफाइस' या शब्दावर न थांबता, तुम्ही उच्चारलेल्या 'हं, ओके'वर थांबले. तुमचे नुकसान इंग्रजी न आल्यामुळे झाले, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. ते नुकसान न समजलेल्या गोष्टीला होकार दिल्यामुळे झाले, आणि हा होकार आपल्या तोंडून किती सहज निघतो, हे आधी पाहायला हवे.

आपल्याकडे समोरचा बोलत असताना 'हं', 'बरं', 'हां' असे म्हणत राहणे हा ऐकत असल्याचा पुरावा असतो. फोनवर कोणी तीन वाक्ये बोलले आणि आपण मध्ये हुंकार दिला नाही, तर पलीकडचा लगेच 'हॅलो, ऐकू येतंय ना?' असे विचारतो. म्हणजे आपल्या हुंकाराचा अर्थ 'ऐकले' एवढाच असतो. 'मान्य केले' असा नसतो. मॅजिकच्या टेबलावर मात्र हाच हुंकार परवानगी ठरतो. एखादे स्पेल, म्हणजे जादूचे कार्ड, टेबलावर आले की ते अमलात येण्याआधी समोरच्या खेळाडूला उत्तर देण्याची संधी असते, आणि त्या क्षणी 'ओके' म्हणणे म्हणजे 'मला काही करायचे नाही, पुढे चला' असे सांगणे होय. मान डोलावण्याचेही तसेच आहे. आपली अर्धवट डोलावलेली मान परप्रांतातील खेळाडूला होकार वाटू शकते. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की प्रतिस्पर्धी बोलत असताना तोंडातून काहीही निघू देऊ नका. ऐकून घ्या, तळहात टेबलापासून थोडा उचलून 'वेट' म्हणा, कार्ड पाहण्याची खूण करा, ते वाचा, आणि सर्व उलगडल्यावरच 'ओके' म्हणा. हा शब्द त्या एकाच क्षणासाठी राखून ठेवायचा. सवय मोडायला काही आठवडे लागतील. घरच्या सरावातही मैत्रिणीबरोबर असेच खेळा.

त्या मुलाने तुम्हाला फसवले का, याचे उत्तर पत्रावरून देता येत नाही, आणि देण्याचा मोह मी टाळते. त्याने कार्डावरचे वाक्य बरोबर सांगितले असेल आणि 'यांसारखे काहीतरी' अशा अर्थाने सहज बोट केले असेल. किंवा मुद्दाम मोठ्या क्रीचरकडे बोट करून तुमची समजूत वळवली असेल. दुसरी शक्यता खरी असेल, तर तो नियमभंगच आहे. मात्र जे घडले ते कळण्याचा मार्ग त्याच वेळी, त्याच टेबलावर पंचांना बोलावण्याचा होता. सामना संपून निकालाची नोंद झाल्यावर जुन्या चालीवरून तो निकाल फिरवून मागण्यात आता अर्थ नाही.

आता तुमच्या हक्कांविषयी. हा खेळ १९९३ साली अमेरिकेत सुरू झाला. तो रचणारे रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे अभ्यासक. आज त्यात वीस हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डे आहेत आणि ती इंग्रजीखेरीज जपानी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश अशा भाषांतही छापली गेली आहेत. एवढी कार्डे कोणाच्याही, अगदी पंचांच्याही, डोक्यात राहत नाहीत. स्पर्धेच्या नियमांत परभाषेतील कार्ड वापरण्यास परवानगी आहे, मात्र त्या भाषेच्या आडून समोरच्याची दिशाभूल करून फायदा उठवता येत नाही. कार्डावर काय छापले आहे, यापेक्षा खेळाच्या अधिकृत संग्रहातील इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. या मजकुराला 'ओरॅकल' म्हणतात आणि तो पंचांकडे मागण्याचा प्रत्येक खेळाडूला अधिकार आहे. म्हणजे समोर जपानी कार्ड आले, तर ते प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून समजून घेण्याचे तुमच्यावर कसलेही बंधन नाही. तो कितीही सज्जन असला, तरी तो पक्षकार आहे, आणि पक्षकाराने केलेले भाषांतर आपण घरच्या जमिनीच्या कागदालाही चालवून घेत नाही.

पंचांना बोलावण्यासाठी इंग्रजी भाषण करावे लागते, ही धास्ती मनातून काढून टाका. हात वर करायचा, 'जज' एवढा शब्द सर्वांना ऐकू जाईल असा म्हणायचा, खेळ आहे तिथे थांबवायचा आणि पंच आल्यावर त्या कार्डावर बोट ठेवून 'ओरॅकल, प्लीज' म्हणायचे. तीन शब्दांत काम झाले. मजकूर वाचूनही शंका उरली, तर 'हू चूझेस?' हे दोन शब्द तुमच्या त्या सामन्यात पुरले असते. वेळ वाया जाईल, समोरचा चिडेल, असेही अनेकांना वाटते. साधारणपणे फेरी ५० मिनिटांची असते, आणि पंचांमुळे खेळ एका मिनिटापेक्षा जास्त थांबला, तर तेवढा वेळ सामन्याला वाढवून देण्याची तरतूद आहे. पंचांचा निर्णय चुकीचा वाटला, तर मुख्य पंचांकडे दाद मागता येते आणि त्यात उद्धटपणा काही नाही. पंचांना मराठी येत असेल, तर त्यांच्याशी मराठीत बोलायलाही हरकत नाही. त्यात एक अट आहे, ती पुढे सांगते.

म्हणून क्लासचे उत्तर असे, की नोकरीसाठी किंवा आवडीसाठी तो लावायचा असेल तर जरूर लावा, पण या खेळासाठी तो नको. बोलण्याच्या वर्गात जे इंग्रजी शिकवतात, ते कार्डावर नसतेच. कार्डावर मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांचे अर्थ करारनाम्यातील शब्दांसारखे पक्के असतात. 'मे' आले की करायचे की नाही ही त्या खेळाडूची मर्जी, आणि 'मे' नसेल तर ते करावेच लागते. 'अप टू टू' म्हणजे दोनपर्यंत, त्यात शून्यही आले. 'टार्गेट' हा शब्द असेल तर स्पेल टाकणारा नेम धरून निवडतो. तुमच्या प्रसंगातील 'सॅक्रिफाइस'मध्ये मात्र ज्याला द्यायचे आहे तोच आपल्यातले कोणते द्यायचे ते ठरवतो, जोपर्यंत कार्ड वेगळे सांगत नाही तोपर्यंत. या एका फरकाने तुमचा सामना गेला. असे चाळीसेक शब्द वहीत उतरवून घ्या, प्रत्येकासमोर एक खरे कार्ड लिहा, आणि वही सामन्याच्या आधी व नंतर वाचा. डाव चालू असताना बाहेरून आणलेली टिपणे पाहण्यास नियमांची मनाई आहे.

इथे आपल्या मराठीचाही एक अडथळा आहे, आणि तो मराठी मुले एकमेकांशी खेळतानाच अधिक बाधतो. 'कार्ड काढ' असे आपण म्हणतो तेव्हा डेकमधून नवे कार्ड घे, असाही अर्थ होतो आणि टेबलावरचे कार्ड बाजूला कर, असाही होतो. 'टाकले' म्हणजे खेळात आणले, की हातातून टाकून दिले? 'मेले', 'गेले', 'उडाले' हे शब्द तर आपण कशालाही वापरतो. खेळात मात्र डिस्ट्रॉय (नष्ट करणे), सॅक्रिफाइस (स्वतःचे कार्ड बळी देणे), डिस्कार्ड (हातातील कार्ड सोडून देणे) आणि एक्झाइल (हद्दपार करणे) या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत; 'डिस्ट्रॉय'पासून वाचवणारे संरक्षण 'सॅक्रिफाइस'च्या वेळी कामाला येत नाही, आणि एक्झाइल झालेले कार्ड टाकलेल्या कार्डांच्या ढिगात, म्हणजे ग्रेव्हयार्डमध्ये, जातच नाही. तेव्हा गप्पा मराठीत माराव्यात, वाक्यही मराठीच असावे, पण क्रियेचा शब्द खेळातलाच वापरावा : 'मी हे एक्झाइल करतोय', 'दोन ड्रॉ करते'. भाषेच्या शुद्धतेविषयी मी हळवी आहे, तरी या बाबतीत माझे मन साफ आहे. सांगलीला हे नवे नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने या गावात बुद्धिबळ रुजवले. त्या पटावर मोहरे नुसते नीट ठेवायचे असले, तर 'जादूब' किंवा 'ॲडजस्ट' म्हणण्याचा संकेत जगभर आहे. 'जादूब' हा फ्रेंच शब्द उच्चारणाऱ्या मुलाला फ्रेंचचे दुसरे अक्षर येत नसते आणि त्याचे काही अडत नाही, कारण पटावर त्या शब्दाला एकच अर्थ आहे.

आता तुमच्या स्पर्धेकडे येते. 'फक्त इंग्रजी' हा नियम करू नका. त्याने ज्याचे इंग्रजी चांगले त्यालाच टेबलावर वजन येईल आणि जतचा मुलगा, तुम्ही त्या शहरात बसलात तसाच, गप्प बसेल. दोघांना समजणारी कोणतीही भाषा चालेल, क्रियेचे शब्द खेळातले असतील, आणि एकालाही शंका आली की पंच येतील, असे सूचनाफलकावर लिहा. तो फलक मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असावा. तमिळ जाणणारा एकच मुलगा असेल, तर त्याच्यासाठी फलक नको. स्पर्धेच्या आधी पाच मिनिटे त्याच्याजवळ बसून त्याला काय समजते आणि काय नाही, हे विचारा. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यवसायातली कुटुंबे देशभर विखुरली आहेत आणि त्यांची मुले सुट्टीला गावी येतात तेव्हा घरात मराठी ऐकत असली, तरी खेळाची मराठी त्यांच्या कानांवरून गेलेली नसते. आडनाव ओळखीचे आहे म्हणून त्याला सगळे कळते, असे गृहीत धरले जाऊ नये.

यजमान गावाची जी खरी जोखीम आहे, ती मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये, मी पंच म्हणून उभी होते. एका टेबलावर साताऱ्याचा मुलगा आणि हुबळीकडून आलेला मुलगा यांच्यात वाद झाला. साताऱ्याच्या मुलाने मराठीत सांगायला सुरुवात केली, मी मराठीत विचारत गेले, तो उत्तर देत गेला, मध्येच आम्ही दोघे कशाला तरी हसलोही. चार-पाच मिनिटांनी मी हुबळीच्या मुलाकडे वळून मोडक्या हिंदीत एका वाक्यात निर्णय सांगितला. निर्णय नियमाप्रमाणे बरोबर होता. त्या मुलाने काहीही न म्हणता निकालाच्या चिठ्ठीवर सही केली, पेनचे टोपण लावले, आणि पुढची फेरी न खेळता तो निघून गेला. त्याचे म्हणणे मी विचारलेच नव्हते. त्याने ऐकली ती न कळणारी चार मिनिटे आणि आमचे हसणे. त्यावरून त्याने जो अर्थ काढला असेल, त्याचा दोष मी त्याला देऊ शकत नाही.

मघाशी म्हटलेली अट ती हीच : पंचांशी मराठीत बोला, पण समोरच्याला मराठी येत नसेल तर दोन-तीन वाक्यांनंतर थांबा आणि झाले तेवढे त्याला सांगितले जाऊ द्या. तुमच्या पंचांना हे बजावून ठेवा. आधी परगावच्या खेळाडूचे म्हणणे ऐकावे, मग गाववाल्याचे; निर्णय दोघांना सारख्याच लांबीत सांगावा; आणि कार्डाचा अधिकृत मजकूर मोबाइलवर उघडून दोघांच्या मध्ये धरावा. छोट्या स्पर्धा बहुधा 'रेग्युलर' या साध्या पातळीवर खेळल्या जातात, आणि तिथे खेळाडूंनाही हा मजकूर उघडपणे, समोरच्याच्या देखत, पाहता येतो. त्या पातळीवर टेबलावरील परिस्थितीविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर टाळण्याची मुभाही कमी आहे. पत्रात 'हे आपणच कसे काय ठरवायचे' असा जो संकोच दिसतो, त्यावर हे नियम तुमच्या बाजूने उभे आहेत.

दुभाषा लागेलच. मिरजेत तो शोधायला वेळ लागणार नाही; तिथल्या दवाखान्यांच्या बाहेरच्या औषध दुकानांत बसणारी माणसे दिवसभर कन्नड, मराठी आणि हिंदी यांत ये-जा करतात. दुभाषाला हा खेळ यायला हवा असेही नाही, किंबहुना न येणारा अधिक चांगला, कारण खेळ येणारा माणूस भाषांतर करता करता सल्ला देऊ लागतो. त्याला एवढेच सांगा, की जे बोलले गेले तेच सांगायचे, मध्ये स्वतःचे घालायचे नाही, आणि कोणाच्याही हातातील कार्डांकडे पाहायचे नाही. स्पर्धेत खेळणाऱ्यांपैकी कोणाला हे काम देऊ नका. पुढच्या फेरीत तोच समोर बसू शकतो. एखाद्याचा प्रश्न असा असेल की तो विचारताच हातात काय आहे ते उघड होईल, तर पंच आणि दुभाषा यांनी त्याला टेबलापासून चार पावले दूर नेऊन ऐकावे. प्रेक्षकांनी मधे बोलायचे नाही, हेही आधीच जाहीर करा; त्यांना चूक दिसली, तर खेळ क्षणभर थांबवायला सांगून पंचांना बोलावण्याइतकीच त्यांची भूमिका.

आकड्यांविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण निम्मे वाद आकड्यांचे असतात. मॅजिकमध्ये दोघांचे आयुष्य २० पासून सुरू होते आणि ते घटत-वाढत जाते. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'एकोणीस' आणि 'उन्नीस' यांची ओढाताण गोंगाटाच्या हॉलमध्ये चालत नाही. फाशावर आकडा ठेवण्यापेक्षा प्रत्येक टेबलावर एक कागद आणि दोन पेने ठेवा; दोघांनी दोघांचे आकडे लिहायचे, जुना आकडा खोडायचा पण पुसायचा नाही, म्हणजे कुठे फरक पडला ते मागे जाऊन सापडते. आकडे इंग्रजी वळणाचेच लिहावेत. देवनागरी न वाचणाऱ्याला आपला १ हा नऊसारखा आणि ४ हा आठसारखा दिसू शकतो. तोंडाने आकडा सांगताना बोटेही दाखवावीत. खरसुंडीच्या जनावरांच्या यात्रेत उपरण्याखाली बोटे धरून खिलार बैलांचा सौदा ठरवणारी माणसे याच जिल्ह्यातली आहेत. बोटांनी आकडा सांगणे आपल्याला शिकवावे लागत नाही, फक्त इथे उपरणे काढून ठेवायचे.

कार्डे कशी मांडली आहेत, यानेही पुष्कळ काही न बोलता सांगता येते. मॅजिकमध्ये वापरलेले कार्ड आडवे करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पोकेमॉनच्या कार्डांच्या खेळात तर ही सोय अधिक पुढे नेली आहे : पोकेमॉन झोपला असेल तर त्याचे कार्ड डावीकडे वळवतात, लुळा पडला असेल तर उजवीकडे, आणि गोंधळला असेल तर उलटे, डोके स्वतःकडे करून ठेवतात. कोणत्याही भाषेतला मुलगा टेबल पाहून स्थिती ओळखतो. तुमच्या स्पर्धेत यातून एक गोष्ट घेता येईल. नेम धरताना प्रत्येकाने बोट हवेत न फिरवता, ज्या कार्डावर नेम आहे त्याच्या कडेला बोट टेकवावे आणि समोरच्याचा 'ओके' येईपर्यंत तिथेच ठेवावे. आणि कार्ड बाजूला करायचे असेल, तर ज्याचे आहे त्यानेच ते उचलावे. त्या शहरातील टेबलावर ही शिस्त असती, तर ते बोट तुमच्या मोठ्या क्रीचरच्या दिशेला का आहे, असे विचारायला तुम्हाला क्षणभर अवसर मिळाला असता.

शेवटचे काम सूचनाफलकाचे. त्यावर नियमांबरोबर पंधरा-वीस शब्दांचा एक तक्ता छापा : एका स्तंभात खेळातला शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात कन्नड अर्थ. फलक सर्वांसमोर भिंतीवर असेल, तर तो कोणा एकाचे टिपण ठरणार नाही. मराठी स्तंभात 'काढणे' आणि 'टाकणे' हे शब्द येऊ देऊ नका. कन्नड स्तंभ मोबाइलवरून भाषांतर करून घेऊ नका. जत किंवा मिरजेच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या माणसाला समोर बसवून, प्रत्येक शब्दाचे कार्ड त्याच्या हातात देऊन, तुमच्याकडेही 'काढणे'सारखा दोन अर्थांचा शब्द इथे आला आहे का, असे विचारून मगच तो छापायला द्या.